उडत्या दादाची मूळ पानं

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यात जास्त चंगळ झाली ती पेंटर लोकांची. जिथं तिथं 'जि. उस्मानाबाद' पुसायचं आणि 'जि. लातूर' लिहायचं. शाळा, दवाखाने, चावड्या, सोसायट्या. काही पाट्यांवर जुनं नाव नीट पुसलंच जायचं नाही, आणि नव्या रंगाखालून ते असं डोकवायचं की गाव एकाच वेळी दोन जिल्ह्यांत नांदतंय असं वाटावं.

पेंटरांच्या खालोखाल फायदा झाला तो माझ्यासारख्यांचा. नवी कलेक्टर कचेरी, नव्या जागा. मी नांदेडची. बी. ए. होऊन घरात बसले होते आणि आईनं आणलेली स्थळं एकेक करून परतवत होते. मला लातूरला कारकुनाची नोकरी लागली आणि आईचा नाइलाज झाला. "जा," ती म्हणाली, "पण दर शनिवारी घरी ये. तिकडं एकटीनं राहून डोकं फिरतं पोरींचं."

मला दिली टंचाई शाखा. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरी तळाला गेलेल्या. कुठल्या गावाला टँकर गेला, कुठल्या गावाचा वाटेत बंद पडला, कुठल्या सरपंचानं तो आधी स्वतःच्या दारात उभा केला, हेच दिवसभर ऐकायचं. अशाच एका दुपारी कचेरीच्या आवारात एक टँकर येऊन थांबला. नुकताच रंगवलेला. त्यावर 'पिण्याचे पाणी' असं ठळक लिहिलेलं आणि त्याच्या शेजारी घागर ओतणारा एक हात.

हातातली फाइल तशीच धरून मी बाहेर आले. तो हात मी ओळखला होता.

बोटं मुसळासारखी जाड, अंगठा धनुष्यासारखा मागं वाकलेला. हा हात मी पाचवीत असताना रोज बघत होते. ह्या टंचाईच्या आधीचा जो मोठा दुष्काळ, त्या वर्षी नांदेडच्या एका छोट्या छापखान्यानं चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं काढली होती. एरवी लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापणारा छापखाना. पण मालकाला हौस. त्यातला नायक उडायचा, भिंती फोडायचा, वाईट माणसांना कॉलर धरून गोदावरीत बुचकळायचा. पुस्तकावर त्याचं भारदस्त संस्कृत नाव होतं; आम्ही मुलं त्याला उडता दादा म्हणायचो. खांद्याला उपरणं बांधलेलं आणि विजारीवरून लंगोट. आई म्हणायची, "विजारीवरून लंगोट नेसणारा माणूस जगाचं काय भलं करणार?" मला मात्र तो खरा वाटायचा, कारण तो उडून दमायचा. दमला की कुणाच्या तरी ओट्यावर बसून पाणी मागायचा.

थोडेच अंक निघाले. शेवटच्यात धरणाची भिंत तडकते आणि उडता दादा तिला पाठ लावून उभा राहतो, खाली 'पुढील अंकी'. पुढचा अंक आलाच नाही. दुकानदार मला लांबून बघूनच मान हलवायचा.

"कुणी रंगवलं हे?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"रेणापूरचा पेंटर हाय. का बाई, सरकारी टँकरवर हात काढायला बंदी हाय का?"

त्या शनिवारी घरी न जाता रविवारी एस. टी. पकडून मी रेणापूरला गेले. पेंटरचं घर शोधायला वेळ लागला नाही, कारण गावातल्या प्रत्येक दुकानावर ते जाड बोटांचे हात होते. चक्कीवाल्याच्या पाटीवर पीठ चाळणारे, सायकलवाल्याच्या पाटीवर पंप मारणारे. पेंटरकाका लिंबाच्या सावलीत बाजेवर पडले होते. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. मी कचेरीतून आले म्हटल्यावर ते धडपडत उठले.

"बोर्डात काही चुकलं का?"

"नाही काका. तुम्ही उडता दादा काढायचात ना?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग घरात तोंड करून मोठ्यानं ओरडले, "अगं ए, ऐकलं का? हिला ते म्हाईत हाय!"

आतून काकू आल्या. बसक्या बांध्याच्या, कपाळावर भस्माची पुसट रेघ. पाहुणी आली म्हणून पाणी द्यायला रांजणाकडं गेल्या आणि त्यावरचं झाकण उचललं. ते झाकण म्हणजे एक मोठा पुठ्ठा होता. आणि पुठ्ठ्यावर उडता दादा होता.

पाणी राहिलं बाजूला. मी तो पुठ्ठा हातात घेतला. छापलेल्या पानाच्या दुपटीनं मोठं पान. पुस्तकात चित्रं काळीपांढरी, सपाट असायची. इथं शाई कुठं दाट, कुठं विरळ, खाली पेन्सिलीच्या पुसट रेघा. उडत्या दादाचं नाक आधी वेगळं होतं. त्यावर पांढरा रंग लावून नवं काढलेलं. कडेला ओलसर डाग, एका कोपऱ्यात रंग पुसल्याची बोटं. पुस्तक वाचताना मला कधी वाटलंच नव्हतं की हे कुणीतरी बसून काढलंय, चुकून पुन्हा काढलंय.

"हे काय, मालकानं परत पाठवलं होतं," काका म्हणाले. "म्हणला, नाक लई मोठं झालं. मग दुसरं काढून दिलं. घ्या, न्या तुम्ही. रांजणावर ताट ठेवू."

"आणि बाकीची?"

"ती छापखान्यात. आम्ही पानं द्यायचो, तिकडून ती हैदराबादला जायची, जस्ताचे ब्लॉक करून यायची. पानाचं पुढं काय झालं, कोण इचारतंय? काम झालं की संपलं."

माझं मात्र तिथून सुरू झालं. एस. टी.त तो पुठ्ठा मांडीवर उभा धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "देवाचा फोटो हाय का?" मी "हाव" म्हटलं.

शनिवारी नांदेडला गेले ती थेट छापखान्याच्या बोळात. तिथं आता चपलांचं दुकान. समोरच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं की मालक वारले, यंत्रं विकली, मुलगा बायकोला घेऊन उमरीला गेला. तो तिथं जिनिंगमध्ये नोकरी करतो आणि बायको शिवणक्लास चालवते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी उमरीला जायला निघाले तेव्हा आई दारात उभी होती. "उमरीला कोण आहे तुझं?"

"काम आहे."

"रविवारी?"

शिवणक्लास स्टेशनजवळच होता. पुढच्या खोलीत मशिनी, मुली, कपड्यांच्या चिंध्या. छापखानेवाल्यांची सून माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. उंच, सडसडीत, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. मी कशाला आले ते सांगितलं तसं तिनं टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि म्हणाली, "ते जाड कागद व्हय? हायत की."

तिनं कपाटाचं दार उघडलं. आत खिळ्याला अडकवलेला गठ्ठा होता. तिनं तो माझ्या पुढ्यात टाकला, आणि मला दोन मिनिटं कळेना की मी काय बघून राहिले.

ती सगळी पानं कापलेली होती. ब्लाऊजच्या मापात. पाठ, पुढचे भाग, बाह्या, पट्ट्या. एका बाहीवर उडत्या दादाचा उडता पाय. एका पुढच्या भागावर वाड्याची पेटती खिडकी आणि टक्स मारायची खूण. उलट्या, कोऱ्या बाजूवर तिच्या अक्षरात गिऱ्हाइकांची ओळख: 'बँकेतल्या बाई, बारीक'. 'पोस्टमास्तरीण, डावा खांदा उतरता'. 'लाडूवाल्या मावशी, श्वासाला जागा'.

"सासरे गेल्यावर पेटीभर निघाले," ती म्हणाली. "असला कागद बाजारात मिळत न्हाई. कात्री कशी सरळ जाते. तेल लागलं तरी मऊ पडत न्हाई."

मला रडावं की हसावं कळेना. मी हसले. मग तीही हसली, पण मी ती पानं मागितल्यावर तिचं हसू थांबलं.

"न्हाई ताई. ही माझी मापं हायत. अर्ध्या उमरीची अंगं हायत ह्याच्यात. पोस्टमास्तरणीचा खांदा मी तीनदा उसवून बसवलाय. तुम्हांला चित्र पायजे, मला खांदा पायजे."

बरोबरच होतं तिचं. मी विचार केला आणि म्हटलं, "मी तुम्हांला प्रत्येक माप नव्या पुठ्ठ्यावर उतरवून दिलं तर? अगदी जसंच्या तसं, खुणांसकट. मग जुनं मला."

तिनं मला नखशिखांत बघितलं. "कात्री धरता येते का?"

"नाही."

"मग आधी शिका."

अशी मी टंचाई शाखेतली कारकून दर रविवारी उमरीला जाऊन ब्लाऊज बेतायला शिकू लागले, आणि छापखानेवाल्यांच्या सुनेला वहिनी म्हणू लागले. नांदेडहून चांगले पुठ्ठे न्यायचे, जुनं माप त्यावर ठेवून पेन्सिल फिरवायची, कापायचं. पहिली बाही मी अशी कापली की वहिनी म्हणाली, "ही बाही टंचाईग्रस्त हाय." माझ्या हाताला फोड आले. क्लासमधल्या मुली मला 'चित्रवाली ताई' म्हणू लागल्या आणि कपडा कापता कापता विचारू लागल्या, "ताई, ह्यात तो राक्षस कुठं गेला?" मग मी गोष्ट सांगायची. वहिनीही मशीन थांबवून ऐकायची. वर्षानुवर्षं ती ज्यावर कात्री चालवत होती त्यात गोष्ट आहे हे तिला माहीतच नव्हतं. एकदा म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर निदान तोंडं तरी वाचवली असती मी."

इकडं घरी आईचा संशय पक्का झाला होता. पोरगी दर शनिवारी लातूरहून येते, रविवारी सकाळी डोक्याला तेल लावून उमरीची गाडी धरते आणि संध्याकाळी हसत परत येते. एका रविवारी मी स्टेशनवर पोचले तर आई आधीच तिकीट काढून बाकावर बसलेली. हातात पिशवी, पिशवीत साखरेचा पुडा.

"चल. मलाही बघू दे, कोण आहे ते. आपल्यातला आहे का?"

गाडीत मी काही बोलले नाही. म्हटलं, डोळ्यांनीच बघू दे. क्लासच्या दारात आई थबकली. आत पुरुष म्हणून कुणी नव्हता. जो होता तो उपरणं बांधून, बाही-पाठीत कापलेला, चटईवर पडला होता. आईनं एक तुकडा उचलला, उलटसुलट बघितला. "हा तर तो लंगोटवाला," ती म्हणाली. "ह्याच्यासाठी?"

"ह्याच्यासाठी."

आई चटईवर बसली. मग वहिनीला म्हणाली, "माझ्या काखेत नेहमी तंग होतं. बघतेस का जरा?" साखरेचा पुडा क्लासच्या चहात संपला. त्या दिवसापासून आईचे ब्लाऊज उमरीहून शिवून यायला लागले, आणि स्थळांचा विषय काही महिने मागं पडला.

सगळी मापं उतरवून झाल्यावर मी ते तुकडे लातूरच्या माझ्या खोलीत जमिनीवर मांडले. पाठीला पाठ, बाहीला बाही जुळवायची. एकेक पान भरत आलं. मधे मधे काखेच्या आणि गळ्याच्या अर्धगोल खिंडी. मांडता मांडता माझ्या लक्षात आलं की यातली काही पानं मला ओळखीची नाहीत. धरणाची भिंत, तिला टेकलेला उडता दादा, आणि पुढं पाणी. म्हणजे हा न निघालेला अंक होता. काढून तयार होता, फक्त छापला नव्हता. मी गुडघ्यांवर रांगत ते तुकडे सरकवू लागले. भिंत फुटते. पाणी सुटतं. उडता दादा वाहून जातो. आणि शेवटच्या पानावर, जिथं काय झालं ते कळणार, तिथं खोल गोल गळा कापलेला. पानाच्या खालच्या कडेला फक्त पुष्कळ पायांचे घोटे आणि साड्यांचे काठ.

पुढच्याच सुट्टीला मी सगळं गुंडाळून रेणापूरला नेलं. लिंबाखाली सतरंजीवर मांडलं. काका कंबरेवर हात ठेवून बघत राहिले आणि मग असे हसले की त्यांना ठसका लागला. "काय गळा बेतलाय! एवढा खोल गळा उमरीत कोण घालतंय?"

"काका, पण इथं काय होतं?"

त्यांनी डोकं खाजवलं. "आठवत न्हाई बघा. लई वर्सं झाली."

"असं कसं? तुम्हीच काढलं ना?"

"काढलं की. पण काय काढलं..." ते पायरीवर बसले. माझी अगदी निराशा झाली.

तेवढ्यात काकू बोलल्या. त्या इतका वेळ दारात उभ्या होत्या. "बाया त्याला ओढून काढत्यात," त्या म्हणाल्या. "पदराला पदर बांधून."

मी वळून बघितलं. काकू जवळ आल्या, वाकल्या आणि पानाच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. "हे घोटे म्या काढल्यात. ह्यांना बायांचे पाय येत न्हाईत. पुरुषावाणी काढत्यात."

"तुम्ही?"

"तर काय," काका म्हणाले, जणू ही जगजाहीर गोष्ट होती. "काळा रंग सगळा हीच भरायची. आणि बाया हिच्याच. मी पेन्सिलीनं आखून द्यायचो, ही रातच्याला बाकीचं करून ठेवायची."

काकू खाली बसल्या आणि सांगू लागल्या. मी त्यांना एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. त्या दुष्काळात पाट्यांची कामं बंद पडली होती. नवी पाटी कोण रंगवतो? दोघंही खडी फोडायला रोजगार हमीच्या आधीच्या त्या दुष्काळी कामावर जात. दुपारच्या सुट्टीत काकू बाकीच्या बायकांकडं बघत बसायच्या. हातोडा धरलेली बोटं, फडकं गुंडाळलेले अंगठे. घरी येऊन तीच बोटं उडत्या दादाला लावायच्या. "ह्यांचा दादा आधी लई नाजूक होता. सिनेमातल्या वाणी. म्या म्हणलं, असल्या बोटानं भिंत फुटती का? तवापासून पाट्यांवरबी ह्यांना तीच बोटं लागली."

आणि शेवट? मालकाला तो शेवट पसंत नव्हता. नायकाला बायकांनी वाचवायचं, हे त्याला पटेना. काका बदलून द्यायला तयार होते. काकू म्हणाल्या, बदलायचं न्हाई. तेवढ्यात कागदाचा भाव चढला, पुस्तकंच बंद झाली, आणि भांडण तिथंच राहिलं.

"तुम्ही पुन्हा काढाल का ते?" मी हळूच विचारलं. "गळ्याएवढंच."

काकू नको नको म्हणाल्या. हात बसला, डोळे गेले, चुलीपुढं कोण बसणार. काका आत गेले आणि बोरूसारखा झिजलेला एक कुंचला आणि शाईची बाटली घेऊन आले. "मी भाकरी थापतो," ते म्हणाले.

"तुमच्या भाकरी कुत्रं खात न्हाई," काकू म्हणाल्या, पण कुंचला घेतला.

मी आणलेल्या पुठ्ठ्यावर त्यांनी बायका काढल्या. पेन्सिल नाही, काही नाही. एकीच्या पदराला दुसरीचा पदर, दुसरीला तिसरीचा, आणि शेवटी पाण्यातून वर येणारं उडत्या दादाचं डोकं, केस डोळ्यांवर आलेले, तोंड उघडं. तो जरा घाबरलेलाच दिसत होता. आतून भाकरी करपल्याचा वास येत होता. काढून झाल्यावर काकूंनी पान लांब धरलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "दुसरीची मान आखूड झाली." मग पांढरा रंग मागितला.

ती पानं मी काचेच्या चौकटीत घातली. उलट्या बाजूलाही काच आहे, कारण पोस्टमास्तरणीचा खांदाही मला झाकायचा नव्हता. पुढं माझा हा नाद वाढला. कुणी औरंगाबादहून, कुणी हैदराबादहून मूळ पानं आहेत म्हणून कळवलं की मी जायची. ब्लॉकवाल्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेली पुष्कळ चित्रं मला मिळाली. त्यांत नावाजलेल्या हातांचीही आहेत. एकदा मुंबईचे एक संग्राहक घरी आले, भिंगातून सगळं बघितलं आणि म्हणाले, ही कापलेली पानं दुरुस्त करून घ्या, मागची अक्षरं पुसता येतात. मी त्यांना चहा पाजला.

पण मला सांगायचंय ते त्याच उन्हाळ्यातलं. आमच्या कचेरीत जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंती रंगवायचं काम निघालं. पेंटर हवे होते. मी साहेबांना सांगितलं की रेणापूरला दोघं आहेत. साहेब म्हणाले, दोघं म्हणजे बाप-लेक का? मी म्हटलं, नवरा-बायको. ते म्हणाले, परांचीवर चढतील का त्या? मी म्हटलं, विचारून सांगते.

काकूंनी विचारलं, "परांची म्हंजे?"

"बांबूची. उंच असते."

"आन् खाली भाकरी कोण करतंय?"

"काका."

त्या खूप हसल्या. पहिली शाळा रेणापूरच्याच वाटेवर होती. मी एका दुपारी वहिनीला घेऊन बघायला गेले. ती लातूरला शिवणाचं सामान घ्यायला आली होती. काकू साडी गुडघ्यापर्यंत खोचून बांबूंवर उभ्या होत्या आणि विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायकांची रांग रंगवत होत्या. काका खाली उभे राहून डबा धरून होते आणि सारखे म्हणत होते, हात जरा बारीक कर, हात जरा बारीक कर. काकू ऐकत नव्हत्या. वहिनीनं मान वर करून भिंत पूर्ण बघितली.

"काकू," ती ओरडली, "तिसऱ्या बाईचा ब्लाऊज पाठीत चुकलाय. खांदा उतरता पायजे."

काकूंनी वरूनच वळून बघितलं. "कोण तू?"

"मीच ती. तुमची पानं कापणारी."

काकूंनी कुंचला बांबूवर आडवा ठेवला. मग म्हणाल्या, "मग खाली उभी राहून काय बोलती? वर ये. दाखव कुठं उतरता पायजे."

वहिनीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि चढली.